कुत्र्यासकट फॅमिली फोटो काढून घ्यायचाय. अनुभव सांगा

ओसरीवर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

आई-बाबांच्या लग्नाला या मार्गशीर्षात ५० वर्षं होतायत. हॉल, केटरर, आहेर यातलं काहीही करायचं नाही असं दोघांनी आधीच बजावून ठेवलंय. म्हणून आम्ही भावंडांनी ठरवलं की एक नीट फॅमिली फोटो काढून घ्यायचा आणि मोठा करून हॉलमध्ये लावायचा. आमच्या घरात सगळ्यांचा मिळून एकही धड फोटो नाही. भिंतीवरचा आजीचा फोटो रेशनकार्डासाठी काढलेल्या फोटोवरून मोठा केलाय, त्यात ती कुणीतरी दटावल्यासारखी दिसते. आजोबांचा तर काकाच्या लग्नातल्या ग्रूप फोटोतून कापून काढलेला आहे. त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात अजून आहे.

आणि फॅमिली म्हटलं की बंड्या आलाच. गावठी, काळाकुट्ट, वय ११. पिल्लू असताना पावसात जिन्याखाली येऊन बसला, तो तिथलाच झाला.

गेल्या रविवारी सगळे मिळून एका स्टुडिओत गेलो (नाव लिहिणार नाही, विचारपूस करू नका). मागे पांढऱ्या कागदाचा भलामोठा रोल सोडलेला, दोन्ही बाजूंना छत्र्या लावलेले दिवे. बंड्याने आधी तो कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगला आणि कोपऱ्यात पाय वर केला. हेल्परने पुसलं, तर कागद फुगला. मग त्याला एका स्टुलावर चढवला. मग आम्ही सहाही जण "बंड्या, इकडे बघ! बंड्या, समोर!" फोटोग्राफर शीळ घालतोय, चुटक्या वाजवतोय. एकूण ६२ फोटो. आम्ही सगळ्यांत हसतोय. बंड्या निम्म्यांत पाठमोरा, उरलेल्यांत जांभई देतोय. जिथे चुकून समोर बघितलंय, तिथे डोळे-नाक काही कळतच नाही. बाबा म्हणाले, "कुत्रा आहे की काळी उशी?" वर पुन्हा, "फोटोत माणसं घ्यायची असतात, मी आधीच सांगितलं होतं."

(बाबा बंड्याला नावाने कधीच हाक मारत नाहीत. "तुमचा कुत्रा" म्हणतात. पहाटे साडेपाचला त्याला फिरवून मात्र तेच आणतात. गेली ११ वर्षं.)

तर: स्टुडिओ बरा की घरी बोलवावं? फोटोग्राफरला आधी काय काय विचारायचं? काळ्या कुत्र्याचं काय करतात? भाऊ म्हणतो माणसांचा फोटो वेगळा काढू आणि बंड्याला फोटोशॉपमध्ये चिकटवू. मला ते पटत नाहीये.

त्रिपाद

नाशिकला फोटोग्राफीचाच धंदा आहे. पोटापाण्याला लग्नं, पण घरच्या प्राण्यांसकट फोटोही बरेच काढलेत. सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, बंड्या कंटाळून जांभया देत नव्हता. तो घाबरला होता. नव्या जागी कुत्रं एकसारखं जांभया देतं, जीभ नाकावरून फिरवतं, कान मागे टाकतं, मान न वळवता तिरकं बघतं आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. ही सगळी "मला इथून न्या" अशी भाषा आहे. त्यात त्याला चार पायांना पुरेल न पुरेल अशा स्टुलावर चढवला. हे दिसलं की मी कॅमेरा खाली ठेवतो आणि दहा मिनिटं त्याला बाहेर चक्कर मारून आणायला सांगतो. पाठमोरा बसला तो उद्धटपणा नाही. बिचारा विषय टाळत होता.

दुसरं, काळी उशी. उजेड तुमच्या चेहऱ्यांना धरून लावलेला, मागे पांढराशुभ्र कागद, त्यात काळ्या केसांना काहीच वाटणीला आलं नाही. कॅमेऱ्याच्या हिशोबावर सोडलं तर आणखी घोळ होतो, कारण त्यातला उजेड मोजणारा मीटर सगळं मध्यम करड्याच्या आसपास आणायला बघतो. चौकट पांढऱ्याने भरली की तो फोटो काळवंडतो, काळ्याने भरली की उगाच उजळवतो. पण खरी गोम वेगळी आहे. काळे केस नुसता उजेड वाढवून दिसत नाहीत, चमकेने दिसतात. मोठ्या खिडकीशी किंवा उघड्या दाराशी बसवा, उजेड बाजूने येऊ दे. पाठीच्या कडेवर आणि कपाळावर चकाकी येते आणि कुत्र्याला आकार मिळतो. अंगावर साधा ब्रश फिरवला तरी फरक पडतो. मागची भिंत पांढरी नको. मातीचा रंग, जुनं लाकूड, झाडं काहीही चालेल.

तिसरं, आणि हे सगळ्यांना ऐकवतो. चौकटीतल्या माणसांनी तोंड बंद ठेवायचं. तुम्ही सहा जण त्याला हाका मारत होतात ना? मग तो हाक मारणाऱ्याकडे बघणार की कॅमेऱ्याकडे? तुम्ही फक्त लेन्सकडे बघत राहायचं. कुत्र्याचं लक्ष वेधणं फोटोग्राफरचं आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या एकाच माणसाचं काम. खेळण्यातली पिपाणी, कागदाची चुरचूर, तोंडाने काढलेला विचित्र आवाज, जे काय असेल ते दोन-तीनदाच चालतं. चौथ्यांदा कुत्रं ढुंकूनही बघत नाही. म्हणून तो आवाज सगळं जुळून येईपर्यंत राखून ठेवायचा.

घरीच बोलवा. ११ वर्षांच्या कुत्र्याला नवी जागा दाखवायचं वय नाही.

उंबरझाड

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही काळाच आहे.

खमंग_काकडी

दत्ताच्या तसबिरीकडे बघा की! चार कुत्री आणि मागे गाय, पाचही जण व्यवस्थित जागेवर. त्या चित्रकाराला गाठा. ;)

पाटावरवंटा

@खमंग_काकडी, त्या चार कुत्र्यांना चार वेद मानतात. बंड्याला अजून तेवढा अभ्यास करायचाय.

गव्हाण

मी यवतमाळकडचा. आमच्याकडे फॅमिली फोटो म्हणजे पोळ्याचा. कुत्र्याचं मला फार कळत नाही, पण जनावरासोबत फोटो कसा येतो आणि कसा फसतो ते सांगतो.

चार वर्षांमागे भावाला हौस आली की यंदा तालुक्याहून फोटोवाला बोलवायचा. मोबाइलचे नकोत, कॅलेंडरवर छापता येतील असे पाहिजेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी झाली, तूप-हळद लावून खांदे शेकले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणून बैलांच्या कानात सांगून झालं. दुसऱ्या दिवशी अंघोळ, शिंगांना रंग, बाशिंगं, नवी वेसण, नवा कासरा, पाठीवर झूल. हरण्या आणि लाल्या नुसते बघत राहावे असे दिसत होते. दारात रांगोळी. फोटोवाल्याने आम्हाला उभं केलं: मधे वडील, एका बाजूला हरण्या, दुसऱ्या बाजूला लाल्या, कासरे आम्हा दोघा भावांच्या हातात, पुढे बायका आणि पोरं.

तेवढ्यात त्याच्या पोराने उजेड फेकायची ती चांदीसारखी तबकडी उघडली. ती उघडताना कशी फटकन आवाज करते माहीत आहे ना? हरण्या बिचकला. मी कासरा सोडला नाही म्हणून मीच रांगोळीतून दहा हात फरफटत गेलो. नवा पांढरा सदरा गुलाबी-हिरवा झाला. पोरं खूष.

मग कुणी काही म्हणायच्या आत आमचा सालदार (वर्षाच्या बोलीवर असलेला गडी) पुढे झाला. त्याने कासरा हातात घेतला, हरण्याच्या गळ्याखालची लोंबती कातडी खाजवली, तोंडाने काहीतरी च्यक-च्यक केलं. बैल गप्प. फोटोवाला म्हणाला, आता तुम्ही यांच्याकडून कासरा घ्या. कासरा मी घेतला की हरण्या पाय आपटायचा. दोनदा झालं, तिनदा झालं. शेवटी वडील म्हणाले, "अरे, बैलाला कळतं त्याचा माणूस कोण आहे ते. त्यालाच उभा राहू दे." तर फोटोत मधोमध वडील, हरण्याशेजारी सालदार, आणि मी मागे कोपऱ्यात, रंगलेल्या सदऱ्यात. आधी फोटोत सालदाराला घ्यायचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आता तो फोटो आमच्या बैठकीत आहे आणि एक प्रत त्याच्या घरी आहे.

सांगायचं काय, तर कोण कुठे उभं राहील ते आधी ठरवून जाऊ नका. ते जनावर ठरवतं. तुमच्या बंड्याचा माणूस कोण आहे ते तुम्ही कंसात लिहिलंच आहे.

ओसरीवर

@गव्हाण, कंसातलं तुम्ही बरोबर पकडलंत. हे बाबांना वाचून दाखवू की नको या विचारात आहे.

@त्रिपाद, खूप आभार. स्टूल हा आमचाच आगाऊपणा होता.

माऊची_आई

मांजरवाल्यांची बाजू मांडते. मांजर स्टुडिओत नेऊच नका. एकदा नेलं होतं. पिंजरा-पिशवीतून बाहेर काढल्या काढल्या ती दिव्यांच्या वायरींमागे जी गेली ती दोन तासांनी माशाच्या वासाने बाहेर आली. मांजराला माणसांपेक्षा जागेची सवय असते.

दुसऱ्या वेळी आमच्या डोंबिवलीच्या घरीच बाई आल्या. त्यांनी आल्यावर कॅमेरा काढलाच नाही. बॅग उघडी करून जमिनीवर ठेवली, शेजारी मांडी घालून बसल्या आणि आईशी लोणच्याच्या गप्पा मारत राहिल्या. मांजराकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं तरी डोळे सावकाश मिटून उघडत होत्या, मांजरांत ते मैत्रीचं समजतात म्हणे. पाऊण तासाने आमच्या बयेने स्वतःहून येऊन बॅगेत बैठक मारली. मग आम्हीच बॅगेभोवती गोळा झालो. फोटोत आम्ही चौघं जमिनीवर आणि मधे बॅगेतून डोकावणारं मांजर. बैठकीतला सोफा रिकामा, मागे. आलेले पाहुणे विचारतात, सोफ्यावर का नाही बसलात?

रोखठोक

माणसांना खायला मिळत नाही आणि कुत्र्या-मांजरांचे फोटोशूट. लाड फार झाले. आमच्या लहानपणी कुत्रं अंगणात असायचं आणि फोटो दहावीच्या फॉर्मसाठी निघायचा.

पाटावरवंटा

आणि म्हणूनच आपल्या सगळ्यांच्या आज्या भिंतीवरून दटावतायत. हलके घ्या.

निळी_छत्री

थोडं अवांतर. आजोळी पिंजऱ्यात राघू आहे, आजी त्याला विठ्ठल-विठ्ठल शिकवते. तिचा त्याच्यासोबत चांगला फोटो काढून घ्यायचा होता. पिंजऱ्यासकट घेता येतो का?

वनराई_७

@निळी_छत्री, फोटोचं राहू दे. हिरवा, गळ्याला कंठ असलेला आपला पोपट असेल तर तो पाळणंच बेकायदा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. घेणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं सगळंच आलं. अंगणातलं चांदणी कासवही त्यातच. परदेशी बजरीगर त्यात येत नाही. वनविभागाशी बोला आणि फोटो इथे डकवू नका. आजीला वाईट वाटेल हे समजतं, आमच्याही घरी हे होऊन गेलंय.

निळी_छत्री

अरे बापरे. खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद.

हडसनकाठ

इकडे न्यू जर्सीत डिसेंबर आला की मॉलमध्ये एखादी संध्याकाळ कुत्र्या-मांजरांसाठी राखीव असते. सँटाशेजारी त्यांना बसवून फोटो. ग्रेट डेनच्या पुढच्या पायांखाली अर्धा सँटा गायब झालेला मी पाहिलाय. आमच्या घरी दिवाळीला बीगलला जरीचा कुर्ता घातला होता. फोटोत तो पुतळ्यासारखा स्थिर आलाय. सगळे म्हणाले किती शहाणा! शहाणा कसला, कपडे चढवल्यामुळे गोठून उभा होता. कुर्ता काढल्यावर अंग झाडून घरभर पळाला. तेव्हा बंड्याला मुंडावळ्या बांधायचा विचार कुणाच्या मनात असेल तर सोडा. फार तर नवा पट्टा.

सायंतारा

मी सहसा लिहीत नाही इथे, वाचतेच.

आमची लॅब्रॅडॉर १३ वर्षांची होती. मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता आठवड्यांचा हिशोब आहे. तेव्हा लक्षात आलं की मोबाइलमध्ये तिचे हजार फोटो आहेत, पण आम्ही सगळे आणि ती असा एकही नाही. कारण दर फोटोत आमच्यापैकी एक जण मोबाइल धरून असायचा.

ओळखीतल्या एका मुलाला घरी बोलावलं. ती हॉलमध्ये पंख्याखालच्या लादीवर पडून होती, उठत नव्हती. त्याने तिला उठवायला सांगितलं नाही. आम्हालाच खाली झोपवलं. आई, बाबा, मी, दादा, तिच्या चारी बाजूंनी, आणि तो स्टुलावर चढून वरून फोटो काढत होता. बाबांना गुडघ्यामुळे खाली बसायला जमत नाही, त्यांना उशीला टेकवून आडवं केलं.

तिच्या पुढच्या पायावर सलाइनसाठी केस भादरलेला एक चौकोन होता, गुलाबी कातडी दिसत होती. नंतर त्याने विचारलं, हे भरून काढू का, कळणार नाही. आई म्हणाली, तो पाय तिने रोज निमूट पुढे केलाय, राहू दे. तसाच आहे.

बारा दिवसांनी ती गेली. @ओसरीवर, बंड्या ११चा आहे. मार्गशीर्षापर्यंत थांबू नका, जमेल तेव्हा काढा.

उंबरझाड

🙏

त्रिपाद

@सायंतारा, त्या मुलाने सोनं केलं. वयस्कर कुत्र्यासाठी माणसांनी खाली यायचं, हे आमच्यातल्या अनेकांना अजून सुचत नाही. माणसं उभी आणि कुत्रं जमिनीवर असेल तर फोटोत ते तळाशी चप्पल राहिल्यासारखं दिसतं. पायऱ्या, ओटा, झोपाळा, सतरंजी, कशानेही डोकी जवळ आणा.

आता राहिलेलं. फोटोग्राफरला काय विचारायचं? आधी काढलेले प्राण्यांचे फोटो दाखवा म्हणा. निवडलेले दोन नकोत, एका घरचे सगळे दाखवा म्हणा. घाई करणार आहे का ते विचारा. तासाच्या बोलीवर येणारा घड्याळ बघतो आणि कुत्र्याला ते कळतं. कॅमेऱ्यावरचा समोरून मारायचा फ्लॅश वापरणार असेल तर नको म्हणा. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. समोरून आलेला उजेड तो तसाच परत फेकतो आणि डोळे हिरवे-पिवळे पेटतात. बाजूच्या दिव्याने सहसा हे होत नाही.

कॅमेरा कुठला हे विचारू नका, त्याने विशेष काही ठरत नाही. २०१९मध्ये सोनीने प्राण्यांचा डोळा ओळखून फोकस धरायची सोय दिली, नंतर बाकीच्यांनीही दिली. काम सोपं झालं हे खरं. पण कुत्र्याचं नाक डोळ्यांच्या बरंच पुढे असतं आणि मागे तुमची दुसरी रांग असते. सगळं स्पष्ट हवं तर लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) बारीक ठेवावं लागतं, मी एफ ८च्या आसपास जातो. शटर १/२५० सेकंदापेक्षा सावकाश नाही, शेपटी थांबत नसते.

भावाच्या फोटोशॉपबद्दल. सगळ्यांना एकत्र बसवून, कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) घट्ट ठेवून वीस फोटो काढले आणि नवव्यातल्या बंड्याचं डोकं चौदाव्यात बसवलं, तर मी त्याला लबाडी म्हणत नाही. सगळे तिथेच होते, त्याच उजेडात होते. पट्टा खोडायचा असेल तर माणसं उठल्यावर रिकाम्या जागेचाही एक फोटो काढून ठेवतो, मागचं भरायला कामी येतो. पण वेगळा काढून चिकटवलेला कुत्रा तरंगतो. सावली, पायाखाली दबलेली सतरंजी, त्याच्याकडे झुकलेला एखादा खांदा, हे चिकटवता येत नाही.

माऊची_आई

मला तर डोकं बदलणंही पटत नाही. मग उद्या सासूबाईंचं हसू पण दुसऱ्या फोटोतून आणाल.

त्रिपाद

आणतो की. दर लग्नात आणतो. कुणाला सांगत नाही. :)

आणि हो, छापायला मूळ फाइल मागून घ्या. १२×१८ इंचाला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) ३६००×५४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आलेली प्रत त्याच्या जवळपासही नसते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

ओसरीवर

अपडेट. सायंताराचा प्रतिसाद वाचून त्याच रात्री आईशी बोलले आणि मुहूर्ताची वाट न बघता गेल्या शनिवारी काढून टाकला.

फोटोग्राफरला सांगितलं होतं की बाबा बंड्याला घेऊन फिरून येतात तेव्हा या. म्हणजे तो दमलेला असतो आणि अजून खाल्लेलं नसतं. बेत असा की मागच्या दाराच्या पायऱ्यांवर सगळे बसू, पूर्वेचा उजेड बाजूने येतो. आम्ही इस्त्रीचे कपडे घालून सातलाच पायऱ्यांवर हजर. आई पैठणीत. बाबांचा रेशमी झब्बा आत खुर्चीवर काढून ठेवलेला.

बाबा आले ते माकडटोपी आणि कोपरावर रफू केलेल्या स्वेटरमध्ये. आल्यावर रोजच्यासारखे शेवटच्या पायरीवर बूट काढायला बसले. बंड्या रोजच्यासारखा त्यांच्या दोन पायांच्या मधे शिरला, पाठ त्यांच्या गुडघ्यांना टेकवून, तोंड अंगणाकडे. आणि अंगणात होता फोटोग्राफर. त्याने आम्हाला हातानेच खूण केली: तसेच सरका, बोलू नका. आम्ही पायऱ्यांवरून खाली सरकलो. पिपाणीचा आवाज एकदाच काढला. बंड्याने कान उभे करून सरळ लेन्समध्ये बघितलं. डोळे, नाक, मिशा, कपाळावरचे चार पांढरे केस, सगळं दिसतंय.

सगळे कॅमेऱ्याकडे बघतोय. फक्त बाबा खाली बघतायत, पट्ट्याचा हूक काढताना. नंतर झब्बा घालून रीतसरही काढले, पण तोवर बंड्या उठून पाण्याच्या भांड्याकडे गेला होता.

भाऊ म्हणाला, त्रिपाद म्हणतात तसं दुसऱ्या फोटोतलं बाबांचं डोकं यात बसवू. माकडटोपी पण जाईल. आईने त्याला झब्ब्याची घडी घालायला लावली.

गव्हाण

सालदार जागेवर उभा राहिला म्हणायचा. फोटो डकवा.

ओसरीवर

फ्रेमवाल्याकडे आहे, सागवानी पट्टी सांगितलीय. चेहरे दिसणार नाहीत असा पायांचा तुकडा कापून टाकते संध्याकाळी.

त्रिपाद

बाबा काय म्हणाले बघून?

ओसरीवर

चष्मा लावून बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "तुमचा कुत्रा बरा आलाय."